मरणाऱ्या ताऱ्याचे पासबुक

डोंबिवलीच्या माणसाला रसायनांची ओळख करून द्यावी लागत नाही. रात्री एमआयडीसीच्या बाजूने वारा सुटला की घराघरांतल्या खिडक्या धडाधड लागतात आणि 'आज कसला वास आहे?' या प्रश्नावर नवरा-बायकोत एकमत होत नाही. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एक रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा लोकांचा पहिला प्रश्न एकच होता, यात आहे तरी काय? आणि दोन्ही वेळा अधिकृत उत्तराची वाट न बघता नाक्यानाक्यावर उत्तरे तयार झाली.

अशा गावात बसून कोणी सांगू लागला की, चौतीस हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका धुराच्या गोळ्यात ऑक्सिजन किती, कार्बन किती आणि आरगॉन किती हे माणसाने मोजले आहे, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटणारच. मला हा अविश्वास अनेकदा भेटलेला आहे. निवृत्तीनंतर माणसे भजनाला जातात, कोणी शेअर बाजारात जातात. मला आकाशाचे वेड लागले, त्याला काय करणार? पण तीस-पस्तीस वर्षे बँकेत खतावण्या तपासल्यामुळे म्हणा, मला त्या धुरात रसायनशास्त्रापेक्षा हिशेब अधिक दिसतो. आणि हा हिशेब आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याचे एक पान पुण्यात लिहिले गेले आहे.

या धुराच्या गोळ्याला मराठीत बिंबाभ्रिका असा एक नेटका शब्द आहे. इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर करून काही जण 'ग्रहीय तेजोमेघ' म्हणतात आणि तिथेच वाचकाची फसगत होते. कारण हिचा ग्रहांशी काडीचाही संबंध नाही. विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधला. पुढच्या काही वर्षांत त्याला दुर्बिणीतून धूसर, वाटोळ्या चकत्या दिसू लागल्या. त्या युरेनसच्या बिंबासारख्या दिसत, म्हणून त्याने त्यांना ग्रहांचे नाव देऊन टाकले. नाव चुकले ते चुकलेच, पण चिकटले. बारशाला ठेवलेले नाव बाजूला पडते आणि 'बाळ्या' साठीपर्यंत टिकतो, तसे. बिंबाभ्रिका या शब्दात निदान 'बिंबासारखी दिसणारी' एवढाच दावा आहे.

वस्तुतः ती असते एका ताऱ्याची अखेर. सूर्यासारखा मध्यम वजनाचा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो आणि अंगावरचे थर एकामागून एक अवकाशात सोडून देतो. मागे राहतो तो उघडा पडलेला, प्रचंड तापलेला गाभा. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा सोडलेला वायू चमकू लागतो. ही रोषणाई फार तर दहा-वीस हजार वर्षे टिकते, मग सगळे विरून जाते. आपल्या सूर्यावर ही पाळी सातशे-आठशे कोटी वर्षांनी यायची आहे. तोवर घराचे हप्ते फिटलेले असतील अशी आशा बाळगायला हरकत नाही.

आता हा वायू कशाचा आहे हे कळते कसे? बँकेत चेक आला की आपण कपाटातून नमुना सहीचे कार्ड काढतो आणि ताडून बघतो. प्रकाशाचेही तसेच आहे. चमकणाऱ्या वायूचा प्रकाश लोलकातून नेला की त्यात ठराविक जागी ठराविक रंगाच्या रेषा दिसतात. हायड्रोजनच्या रेषा हायड्रोजनच्या, हेलियमच्या हेलियमच्या. ही मूलद्रव्याची सही. ती दुसऱ्याला करता येत नाही.

१८६४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका बिंबाभ्रिकेचा प्रकाश असा तपासला. इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसण्याऐवजी त्याला मोजक्या, सुट्या, तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे हा ताऱ्यांचा थवा नसून खरोखरच वायू होता. पण सर्वांत ठळक जी हिरवी रेषा होती, ती कोणत्याच कार्डाशी जुळेना. कोणी म्हणाले, हे पृथ्वीवर नसलेले नवे मूलद्रव्य असावे; त्याला पुढे 'नेब्युलियम' असे नावही पडले. नॉर्मन लॉकियर हे त्या काळातले मोठे प्रस्थ. त्यांचे मत निराळे होते. विश्वातले सगळे उल्कांच्या खड्यांपासून बनले असा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्याला अनुसरून ही रेषा मॅग्नेशियमची असल्याचे ते ठासून सांगत.

इथे पुणे येते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगामवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी १८८८ च्या सुमारास कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण पुढे कित्येक वर्षे भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. वर्णपट तपासणे हेच या वेधशाळेचे मुख्य काम. नायगामवालांनी तिच्यातून मृगातल्या अभ्रिकेचा वर्णपट पाहिला. तिच्यातही तीच अनोळखी हिरवी रेषा आहे. लॉकियर म्हणतात तसे असेल तर ती रेषा एका कडेला पुसट होत गेलेली दिसायला हवी. पुण्याहून बघताना ती तशी दिसली नाही. ती बारीक आणि रेखीव होती, कशीही पाहिली तरी. नायगामवालांनी हे १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले.

तेव्हाच्या पुण्यातल्या एका नेटिव्ह प्राध्यापकाने, लंडनच्या एवढ्या वजनदार साहेबाच्या विरुद्ध जाणारी नोंद स्वतःच्या सहीने छापावी, ही गोष्ट मला आजही थक्क करते. आणि त्यात आवाज चढवलेला नाही. रेषा रेखीव आहे, एवढेच. ऑडिट रिपोर्ट असा असावा.

कोडे सुटले १९२७ मध्ये. अमेरिकेत आयरा बोवेन यांनी दाखवले की ही सही आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनचीच आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. मग प्रयोगशाळेत ती का दिसत नव्हती? त्याचे उत्तर लोकलने जाणाऱ्याला चटकन कळेल. सकाळच्या जलद गाडीत डोंबिवलीला चढलेला माणूस वर्तमानपत्र उघडू शकत नाही. उघडायला घ्यावे तर धक्का बसलाच. तेच वर्तमानपत्र रविवारी दुपारच्या रिकाम्या डब्यात ऐसपैस उघडता येते. या अणूला ती हिरवी रेषा सोडायला बराच वेळ निवांतपणा लागतो. आपल्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये पंचवीसवर अठरा शून्ये इतके कण गर्दी करून असतात. बिंबाभ्रिकेत तेवढ्याच जागेत असतात काही हजार. तिथे धक्का देणारे कोणी नाही.

आता प्रभामंडलाकडे वळू. आपली आकाशगंगा म्हणजे सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंदीची चपटी चकती. सूर्य, मृग, व्याध, आपण रात्री बघतो ते बहुतेक सगळे या चकतीत. या चकतीला वेढून एक अवाढव्य, विरळ गोल पसरलेला आहे, तेच प्रभामंडल. तिथे नवे तारे जन्मत नाहीत. आहेत ते हजार कोटी वर्षांपलीकडचे जुने रहिवासी, काही एकटेदुकटे, काही गोलाकार गुच्छ करून राहिलेले. ठाण्या-कल्याणच्या नव्या वसाहतींच्या बाहेर जुनी गावठाणे तग धरून असावीत तसे. आकाशगंगेत आजवर तीन हजारांहून अधिक बिंबाभ्रिका सापडल्या. त्यांतल्या प्रभामंडलातल्या म्हणाव्यात अशा डझनभराच्या आसपास. त्यांतली गुच्छातली पहिली सापडली १९२८ मध्ये. महाश्व तारकासमूहातल्या एम-१५ या गुच्छात फ्रान्सिस पीज यांना ती दिसली. तिला 'पीज १' म्हणतात. लेखाच्या आरंभी म्हटलेला धुराचा गोळा तो हाच.

एवढ्या मूठभर अभ्रिकांमागे शास्त्रज्ञ का लागतात? कारण त्यांचे पासबुक फार जुने आहे.

विश्वाच्या आरंभी हायड्रोजन होता, हेलियम होता, लिथियम नावापुरते, बस्स. ऑक्सिजन, गंधक, लोह हे सगळे मागाहून ताऱ्यांच्या पोटात शिजले आणि त्यांच्या मरणातून बाहेर पडले. प्रभामंडलातले तारे जन्मले तेव्हा फार थोडे तारे मरून गेले होते, त्यामुळे त्यांना वारशात आलेले धन अगदीच तुटपुंजे. एम-१५ च्या ताऱ्यांत लोहाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे दोनशेवा भाग आहे. आता असा तारा आयुष्याच्या शेवटी जे काही उधळून देतो त्यात दोन प्रकारच्या रकमा असतात. काही मूलद्रव्ये त्याला बनवताच येत नाहीत. आरगॉन आणि गंधक ही त्यांतली. तेवढी ताकद हलक्या ताऱ्याच्या गाभ्यात नसते. म्हणून अभ्रिकेत सापडणारा आरगॉन हा जसाच्या तसा ओपनिंग बॅलन्स. जन्माच्या वेळी ढगात जेवढा होता तेवढाच. कार्बन आणि नायट्रोजन मात्र तारा स्वतः घडवू शकतो. ती त्याची कमाई.

म्हणजे एका अभ्रिकेचा वर्णपट नीट वाचला की बापाकडून काय आले आणि पोराने काय मिळवले, दोन्ही रकमा वेगवेगळ्या काढता येतात. असे खाते आयुष्यात फार थोडी बघायला मिळाली. घरोघरी ही सरमिसळ झालेली असते आणि ती सोडवायला माणसे कोर्टात जातात.

'पीज १'चा ओपनिंग बॅलन्स अपेक्षेप्रमाणे केविलवाणा आहे. आरगॉन सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, ऑक्सिजन दहाव्या हिश्श्याच्या आसपास. इथवर सगळे टॅली होते. मग कार्बनचा रकाना येतो आणि कारकून दचकतो. सूर्यात ऑक्सिजन हा कार्बनच्या जवळजवळ दुप्पट आहे. इथे कार्बनच ऑक्सिजनच्या कितीतरी पट. ही कमाई आली कुठून? कार्बन बनतो तीन हेलियम एकत्र येऊन; हे कसे जमते याचा अंदाज फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये केला आणि प्रयोगाने तो खरा ठरला. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. पण बनलेला कार्बन गाभ्यातून उपसून पृष्ठभागावर आणायचा तर ताऱ्याला काही किमान वजन लागते. हजार-बाराशे कोटी वर्षांच्या गुच्छात आज मरणारे तारे सूर्याच्या जेमतेम आठ-दशांश वजनाचे. एवढ्याशा ताऱ्याला हा उपसा झेपायला नको. खरे तर त्याची बिंबाभ्रिकासुद्धा उजळायला नको. गाभा तापेपर्यंत वायू पांगून गेलेला असायचा.

ज्या जमा रकमेचा स्रोत समजत नाही ती बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतात. हा कार्बन तिथे बरीच वर्षे पडून होता. आता अनेक शास्त्रज्ञांचा कल एका उत्तराकडे आहे: हे एका ताऱ्याचे खातेच नव्हते. दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. एकाने दुसऱ्यावर आपला माल ओतला किंवा दोघे मिळून एकच झाले आणि त्या एकत्रित वजनाला हा पसारा झेपला. डोंबिवली-कल्याणकडचे निम्मे फ्लॅट दोन पगारांवर उभे राहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावायला नको. एका पगारावर कर्ज मंजूर झाले नसते.

तिमिंगल तारकासमूहात आणखी एक अशी अभ्रिका आहे, 'बोबीएन १' या नावाची. १९७७ मध्ये ती प्रसिद्धीला आली. २००८ मध्ये जपानच्या ओत्सुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्यात चक्क फ्लोरिन सापडला, आपल्या टूथपेस्टमधला, तोही मुबलक. तिथेही संशयाची सुई जोडीदारावर आहे. शिवाय ही अभ्रिका मूळची आपल्या आकाशगंगेची नसून, आपण गिळत असलेल्या धनू राशीतल्या एका खुज्या दीर्घिकेतून आलेली असावी, असाही तर्क आहे. म्हणजे खाते दुसऱ्या शाखेतून बदलून आलेले.

'पण याचा उपयोग काय?' हे विचारणाऱ्याला मी एवढेच सांगतो की, त्याच्या ताटातल्या भातात आणि तो कालवणाऱ्या बोटांत जो कार्बन आहे, त्यातला बराचसा असल्याच मरणाऱ्या ताऱ्यांनी सोडलेला आहे. त्याला आपल्या सात-बाराची चौकशी असते, तर ही का नसावी?

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. वारसा किती आणि कमाई किती, हे इतक्या दूरच्या ताऱ्याबाबत निवडून काढता येते. पण आपल्याच विज्ञानाच्या इतिहासात आपण ते करायला तयार नसतो.

विजयदुर्गचे उदाहरण घ्या. ठाण्या-डोंबिवलीतल्या किती कोकणी कुटुंबांनी सुट्टीत मुलांना तो किल्ला दाखवला असेल आणि तिथले 'साहेबाचे ओटे' दाखवून सांगितले असेल की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने इथे बसून हेलियम शोधला! त्या तारखेला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. दिवस साजरा करायला माझी काहीच हरकत नाही. पण नोंद चुकीची आहे. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर भारतात नव्हते. ग्रहण बघायला फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मछलीपट्टणमला होते. इतकेच काय, पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. बिंबाभ्रिकांना ग्रहांचे नाव देणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. लॉकियरना सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा दिसली २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. ते विजयदुर्गला खरोखर आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे त्या मुक्कामाचे धरले की सगळे जुळते. हेलियम तर १८९५ मध्येच विल्यम रॅम्झीला पृथ्वीवरच्या खनिजात सापडून चुकला होता.

आणि त्याच २२ जानेवारीला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आणखी एक छावणी पडली होती. तिचे प्रमुख होते पुण्याचे नायगामवाला. विजयदुर्गला साहेब आणि जेऊरला त्याच साहेबाच्या रेषेबद्दल सात वर्षांपूर्वी वेगळी साक्ष देणारा आपला प्राध्यापक, एकाच सूर्याकडे बघत! कादंबरीकार म्हणून मला हा प्रसंग सुचला असता तर संपादकाने 'फार जुळवून आणलेय' म्हणून परत पाठवला असता. तरी त्या ओट्यांवर शाळेच्या सहली जातात आणि जेऊरचे स्टेशन गाडीतून नुसते मागे पडते.

हे असे का होते? मला वाटते, एखादा मोठा साहेब आपल्या किल्ल्यावर बसला होता, याचा अभिमान आपोआप मिळतो. त्यासाठी काही वाचावे लागत नाही. नायगामवालांची हिरवी रेषा समजून घ्यायला लोलक, वर्णपट, ऑक्सिजन एवढे सगळे समजून घ्यावे लागते. पुण्यातली ती वेधशाळासुद्धा १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. माणूस निवृत्त झाला की टेबल उचलायचे, हा शिरस्ता बँकेपुरता नव्हता तर! पुढे १९८८ मध्ये नारळीकरांनी पुण्यातच आयुकाची स्थापना केली आणि २००६ मध्ये जुन्नरच्या बाजूला गिरावलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण उभी राहिली. कल्याणहून माळशेज घाट चढून गेले की पलीकडे तोच मुलूख आहे. पण या साखळीची पहिली कडी कुठल्या सहलीत मुलांना सांगितली जाते? विजयदुर्गला जरूर जावे. फक्त तिथे मुलांना १८९८ हे साल सांगावे, आणि सोबत पुण्याच्या त्या प्राध्यापकाचे नावही. १८६८ ची नोंद लाल शाईने रिव्हर्स केल्याने किल्ल्याचा एक चिराही ढळणार नाही.

ज्यांना हे नुसते वाचून पुरे वाटत नाही त्यांच्यासाठी थोडेसे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गच्चीवरून आता मोजके तारे दिसतात. खगोल मंडळाची माणसे म्हणूनच वर्षानुवर्षे कर्जत मार्गावरच्या वांगणीला आकाशदर्शनाची रात्र जागवत आली. कल्याणच्या आकाश मित्र मंडळानेही लोकांना अशा रात्रींची सवय लावली. दिवाळीच्या सुमारास अंधार पडल्यावर महाश्व जवळजवळ डोक्यावर असतो. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन सापडला की त्याच्या पश्चिमेला, घोड्याच्या नाकपुडीशी एक पिवळसर तारा आहे. त्याच्या थोडे पुढे साधी द्विनेत्री रोखली की कापसाचा बारीक बोळा दिसतो. तो एम-१५. 'पीज १' त्यात आहे, पण ती वेगळी काढायला मोठी दुर्बीण लागते. अमावस्येची रात्र निवडावी, लक्ष्मीपूजनाची मात्र नको. त्या रात्री वांगणीतही फटाके असतात. पहाटेच्या गाडीपर्यंत थांबायचे असेल तर थर्मासमध्ये चहा न्यावा.